तर्री सरांचे थांबलेले थेंब

तर्री सर कुणाच्याही लग्नात जेवायला बसले की शेजारच्याची पंचाईत व्हायची. भाजी वाढून झाली की सर आधी वाटी उचलून डोळ्यांसमोर धरायचे, मग हळूच तिरपी करायचे आणि वर तरंगणाऱ्या तेलाच्या थेंबांकडे असे बघत बसायचे, की वाढप्याला वाटावं भाजीत काही पडलंय. एकदा परतवाड्याच्या एका लग्नात मुलीचे वडील धावत आले आणि म्हणाले, "काय झालं सर, काही निघालं काय?" सरांनी मान वर न करता सांगितलं, "काई नाई जी. हे दोन थेंब केव्हाचे एकमेकाले ढकलून राहिले. कोन हटते ते पाहून राहिलो." ते बिचारे 'बरं बरं' म्हणत मागच्या मागे गेले. मी शेजारीच बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर्री म्हणजे रश्श्यावरचं लाल तेल. वऱ्हाडी माणसाला हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. सर अमरावतीच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि त्यांचं संशोधन तेलाच्या थेंबांवर होतं, म्हणून बी.एस्सी.च्या पोरांनी कधीतरी हे नाव ठेवलं. एक नवीन मुलगा एकदा भर व्हरांड्यात सरांनाच विचारत आला, "काका, तर्री सर कुठं बसतात?" सर म्हणाले, "मीच तो तर्री. ये, बस." त्या मुलानं पुढची तीन वर्षं सरांच्या तासाला मागचा बाक सोडला नाही.

सरांचा विषय सोपा करून सांगायचा तर असा. तेल, पाणी आणि थोडंसं साबणासारखं रसायन मिक्सरमध्ये घुसळलं की दुधासारखं पांढरं पाणी होतं. ते ठेवून दिलं की तेलाचे थेंब वर येतात. खालचं पाणी काढत गेलं की वर लोण्यासारखा घट्ट गोळा उरतो, बोटावर घेतला तर पडत नाही. तोच सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कळतं, हे सगळे थेंबच आहेत. लहानमोठे, अस्ताव्यस्त, कुठलीही रांग नाही, आणि प्रत्येकाला शेजाऱ्यांनी असं घेरलेलं की जागच्या जागी थरथरण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. बघत बसलं तर फार वेळानं एखादा थेंब कुठूनशी फट काढून सरकतो आणि त्याच्यामागे आणखी दोनचार सरकतात. सरांचा प्रश्न एवढाच होता, की पाणी काढत दाटी वाढवत नेली तर हे सरकणं एका जागी पूर्ण थांबतं, की नुसतं हळू होत जातं? या प्रश्नात सरांचं अर्धं आयुष्य गेलं आणि माझी ऐन उमेदीची वर्षं गेली.

मी भातकुलीची. एम.एस्सी. झाल्यावर सरांकडे पीएच.डी.ला नाव घातलं ते थेंबांच्या प्रेमानं नाही, खोटं कशाला बोलू. पीएच.डी. असली की कॉलेजात पक्की नोकरी लागते, एवढं मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, पण याचा उपयोग काय?" मला वाटलं मलम, रंग, आइस्क्रीम असलं काही सांगतील. सर म्हणाले, "तू सकाळच्या गाडीनं येते न? त्या गर्दीतून कंडक्टर कसा येते?"

"ढकलत येतो," मी म्हटलं.

"नाई. नीट पाह्य उद्या. तो उभा राहते. कोनी पाय बदलते, कोनी पिशवी उचलते, तेवढ्यात तो हातभर पुढं येते. आता सांग, गाडीत आनखी मानसं कोंबली त तो हळू येईन, का येनारच नाई?"

मला उत्तर सुचलं नाही. "मलेबी सुचत नाई," सर म्हणाले, "म्हनून त हे दुकान टाकलं." दुसऱ्या दिवशी मी गाडीत कंडक्टरकडेच बघत आले आणि राजकमल चौकात उतरायचं सोडून थेट डेपोत पोचले.

सरांचं एक पालुपद होतं: "पाहून सांगाव, सांगून पाहू नाई." म्हणजे आधी डोळ्यांनी बघ, मग तोंड उघड, आधी मनाशी ठरवून मग तेच बघत बसू नकोस. सुरुवातीला त्यांनी मला कितीतरी दिवस नुसतं सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, लिहायचं नाही, मोजायचं नाही. माझी मान धरली. नंतर एकदा मी आलेखातला एक वेडावाकडा बिंदू खोडून टाकला, कारण तो बाकीच्यांच्या ओळीत बसत नव्हता. सरांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा आपल्यातला नाई म्हनून पंगतीतून उठवला काय?" सर स्वतःच हसायला लागले, पण तो बिंदू त्यांनी पेनानं परत काढला.

पंगतीचं हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. सर अकोल्याचे, मोर्णा नदीपलीकडच्या बौद्ध वस्तीतले. वडील तेलाच्या मिलमध्ये हमाली करायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेले सर पहिलेच. कॉलेजात त्यांचा मान होता, पण कसा, तर जपून ठेवलेला. कप वेगळा नव्हता हो, ते दिवस गेले. पण सर स्टाफरूममध्ये आले की चाललेली गोष्ट अर्ध्यात थांबायची आणि कुणीतरी उन्हाबद्दल बोलायला लागायचं. सरांना ते कळायचं. ते पाणी पिऊन परत प्रयोगशाळेत यायचे आणि म्हणायचे, "चल, आपले थेंब बरे."

आणि तेल कुठलं, तर अकोल्याचं. सरकीचं, मिलमधलं, नुसतं गाळलेलं. प्रयोगासाठी शुद्ध तेल बाटलीत मिळतं, महाग मिळतं, पण प्रश्न तेवढाच नव्हता. "वऱ्हाडातलं काम वऱ्हाडच्या तेलात झालं पाहिजे," असं सर म्हणायचे आणि पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं यायचे. गाडीतल्या लोकांना वाटायचं, सर घरचं तूप आणताहेत.

कामात सर इतके काटेकोर, की आता आठवलं तरी जीव दमतो. रस्त्यावरून ऑटो गेला तरी टेबल हलतं आणि थेंबही हलतात, म्हणून वाचन पहाटेच घ्यायचं, रस्ता झोपलेला असताना. खोली तळमजल्यावरची, उत्तरेची, जाड भिंतींची. सूक्ष्मदर्शकाच्या पिवळ्या बल्बानं नमुना गरम होतो, म्हणून सरांनी तो काढून एलईडी बसवला. उन्हाळ्यात काम बंदच. "कूलर लावला त टेबल थरथरते, नाई लावला त मानूस थरथरते," असं त्यांचं म्हणणं, आणि शिवाय अमरावतीच्या मे महिन्यात स्लाइडवरचं पाणी बघता बघता उडून जायचं. पावसाळ्यात विजेचा खेळ आणि प्रवेशाची धामधूम. उरला हिवाळा. आमचं खरं काम सगळं हिवाळ्यातल्या पहाटेचं. मी शाल गुंडाळून, सर कानटोपी घालून, आणि मध्ये तो थंड पांढरा दिवा.

अशाच एका पहाटे थेंब थांबले. दाटी वाढवत आम्ही एका टप्प्याला आलो आणि तिथून पुढे काहीच हलेना. कमी दाटीच्या नमुन्यात थेंब सरकत होते, म्हणजे यंत्र बरोबर होतं. या टप्प्यापुढे मात्र सगळं चिडीचूप. आम्ही दिवसेंदिवस पाहिलं, नमुने बदलून पाहिले, दुसरा हिवाळा येऊन गेला तरी तेच. एका सकाळी सर मला घेऊन बाहेर पडले, गाडीवर दह्यात बुडवलेला गिला वडा खाऊ घातला, आणि पहिल्यांदा मी त्यांना दह्यावरचा तेलाचा तवंग न बघता खाताना पाहिलं. "थांबते वैशाली," ते म्हणाले, "खरंच थांबते." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, कारण माझा प्रबंध झाला होता.

त्यावर आमचा शोधनिबंध निघाला, बाहेरच्या देशातल्या लोकांनी पत्रं लिहिली, गावच्या वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला. कॉलेजनं सत्कार ठेवला. आमच्या संस्थेचे अध्यक्षसाहेब, ज्यांच्या हातात चारपाच कॉलेजं आणि त्यातल्या सगळ्या नेमणुका, त्यांनी सरांच्या खांद्यावर शाल घातली आणि भाषणात म्हणाले, "जगात कुणाला जमलं नाही ते आमच्या सरांनी करून दाखवलं. थेंब थांबवले!" सर माइकवर आले आणि म्हणाले, "मी काई थांबवलं नाई जी, मी फक्त पाह्यलं." सगळे हसले. त्या दिवसापासून स्टाफरूममधली गोष्ट अर्ध्यात थांबेनाशी झाली. लोक सरांना खुर्ची द्यायला लागले. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

आणि माझंही नशीब फळफळायला आलं होतं. आमच्याच विभागात एक पक्की जागा निघाली. तोवर मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जितके तास घ्याल तितक्याचा मेहनताना, आणि उन्हाळ्यात घरी बसा. जागेला पीएच.डी. हवीच होती. मुलाखत फेब्रुवारीत. प्रबंध टाइप होऊन, बांधून तयार होता. सरांची सही झाली की विद्यापीठात जाणार आणि पुढची सगळी गाडी वेळेत लागणार. घरी बाबांनी पेढ्यांचा विचारसुद्धा करून ठेवला होता. सर म्हणाले, "रविवारी अकोल्याले जाऊन येतो, सोमवारी सही."

सोमवारी सर आले ते डबा न घेता आले. मी प्रबंध पुढे ठेवला. त्यांनी तो हातानं बाजूला सरकवला आणि कपाट उघडून आत काहीतरी शोधायला लागले. सापडला तो जुना पिवळा बल्ब. एलईडी काढून त्यांनी तो बसवला, आमचा सगळ्यात दाट नमुना खाली ठेवला आणि मला म्हणाले, "बस. पाह्य."

मी डोळा लावला. थेंब नेहमीसारखे निपचित. थोडा वेळ गेला, काच कोमट झाली असेल, आणि एक थेंब थरथरला. मग दुसरा. त्यांच्या कडा आम्हाला नेहमी कोनदार दिसायच्या, त्या दाटीमुळे चेपल्या असतील असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. त्या माझ्या डोळ्यांदेखत गोल झाल्या. काही थेंब एकमेकांत मिसळले. आणि मग, आम्ही ज्याला थांबलं म्हटलं होतं, जे साऱ्या जगाला सांगून बसलो होतो, ते हळूहळू सरकायला लागलं.

"वहिनीनं तेलाचा डबा अंगनात उन्हात ठेवला होता," सर मागून बोलत होते. "म्हटलं कावून ठेवला? त म्हने, गोठलं न भाऊजी. सरकीचं तेल हिवाळ्यात गोठतेच न." मग ते म्हणाले, "माहा बाप सारा हिवाळा पिंपं उन्हात लोटत होता. त्याच्या मागं मागं मी फिरत होतो. मले हे कोनी सांगाले पाहिजे होतं काय? आपल्या थेंबाचं तेलच आतून गोठत होतं वैशाली. अर्धं दगड झालेले, दाटीत एकमेकाले चिकटलेले. ते कायचे हालतात?"

किती जपलं होतं आम्ही! पत्र्याच्या डब्यातलं तेल कधी गढूळ झालेलं दिसलं नाही. गरम होऊ नये म्हणून दिवा बदलला, हलू नये म्हणून थंडीची पहाट धरली. जेवढी काळजी घेतली तेवढी चूक पक्की होत गेली. ज्या बल्बानं आमची चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती, तो आम्ही आमच्या हातानं कपाटात टाकला होता. सर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आपन सांगून पाह्यलं."

मला त्या वेळी तेलाचं काही पडलेलं नव्हतं. मी प्रबंध परत त्यांच्यापुढे सरकवला. "सर, सही करा. मुलाखत होऊ द्या, मग आपण सगळं परत करू. कुणाला कळणार आहे?"

"तुले कळलं, मले कळलं. दोघं झालो न."

"माझी नोकरी जाईल सर."

"जाईन," सर म्हणाले.

नुसतं "जाईन". मी रडले, भांडले. सगळे गाईड सह्या करतात म्हटलं, तुमचं काय, तुमची पक्की आहे म्हटलं. सर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "दुसरी जागा येईन असं मी तुले म्हननार नाई. नाईबी येईन. पन ह्याच्यावर सही करून तुले वर्गात उभं करू, आन तू पोराइले सांगशीन की थेंब थांबतात? मले नाई जमत वैशाली. मले माफ नको करू, पन सही मांगू नको."

फेब्रुवारीत मुलाखत झाली. जागा वर्ध्याकडच्या एका मुलाला मिळाली. त्याच्या प्रबंधाचा विषय मला अजून कळलेला नाही आणि त्यालाही कळला असेल असं वाटत नाही. बाबा म्हणाले, "मास्तरनं सही केली असती त का आभाय पडलं असतं?" मलाही तसंच वाटत होतं. हातातोंडाशी आलेला घास त्या माणसानं काढून घेतला होता, आणि तोही कशासाठी, तर जे डोळ्यांना दिसत नाहीत अशा थेंबांसाठी. त्या वर्षी मी सरांशी कामापुरतं बोलले. 'हो सर', 'नाही सर', बस.

सरांनी मात्र मागे वळून पाहिलं नाही. निबंध छापणाऱ्यांना स्वतः कळवलं, की आमची चूक झाली, निबंध मागे घेत आहोत. पत्रं लिहिलेल्या एकेकाला उत्तर पाठवलं. मग काय, स्टाफरूममध्ये पुन्हा उन्हाबद्दल बोलणं सुरू झालं. एक गृहस्थ चहा पिता पिता मला ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटी काय, कोट्यातली विद्वत्ता." माझं डोकं फिरलं. सरांवर राग होता तो माझा होता, माझ्या घरचा होता. त्यात यांनी हात धुवून घेतलेले मला चालणार नव्हते. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "सर, तुमची एखादी चूक सापडायची तर आधी तुम्हाला काही काम करावं लागेल." चहा तिथंच राहिला. हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते खुश होतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "कायले तोंड घालते? त्यानं चूक केली त ती त्याची असते. म्या केली त माह्या साऱ्या वस्तीची होते. म्हनून मले ती घरात ठेवता येत नाई. लवकर बाहेर काढा लागते." एवढं बोलून ते नळावर काचा धुवायला लागले.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. माशांच्या टाकीत लावतात तो हीटर सरांनी आणला, त्यावर पाणी कोमट ठेवून ते नमुन्याभोवती फिरवायची खटपट केली. हिवाळा असो की पावसाळा, थेंबांना एकच हवा. दाटी वाढवत नेली. थेंब हळू झाले, आणखी हळू झाले, इतके हळू की सकाळी बघून संध्याकाळी यावं तर तोच थेंब त्याच जागी. आणि नमुना जितका जुना होई तितके आणखी सुस्त. पण दुसऱ्या दिवशी बघावं तर एका कोपऱ्यातली चारपाच जणांची टोळी एकदम सरकलेली. आम्ही नेऊ शकलो तिथपर्यंत तरी पूर्ण थांबणं कुठेच सापडलं नाही. "हालते न," सर म्हणायचे, "हालते." पहिल्या वेळचा तो आनंद यात नव्हता. हे उत्तर खरं होतं आणि त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. आमचा दुसरा निबंध निघाला तो कुणी वाचला असेल नसेल. वर्तमानपत्रात काही आलं नाही. थेंब थांबले ही बातमी होते, हळू हलतात यात कसली बातमी?

मला पदवी मिळाली तेव्हा वय पुढं गेलं होतं आणि भरती बंद होती. सर निवृत्त होऊन अकोल्याला गेले. मी तासिकेवरच राहिले, आजही आहे. वर्षातून एकदा मी त्यांच्याकडे जायची. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, भाकरी, ठेचा करायच्या. एकदा सरांनी सरळच विचारलं, "राग गेला काय तुहा?"

"नाही सर," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "राग ठेव. पन येत जा."

मी जात राहिले. रागही राहिला. दोन्ही एकाच घरात नांदत होते, आणि मला त्याचं आता काही वाटेनासं झालं होतं. पुढे सरांना धाप लागायला लागली. काकू म्हणायच्या, जिना चढू नका म्हणून सांगितलं तर ऐकत नाहीत. मी उठले की सर फाटकापर्यंत यायचे आणि ऑटो वळेपर्यंत उभे राहायचे. तेवढं एक त्यांनी कधी चुकवलं नाही.

यंदाच्या थंडीत सर गेले. अकोल्यात त्यांच्या वस्तीतल्या विहारात अभिवादनाची सभा होती. त्रिशरण, पंचशील झालं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर दाटीनं बसली होती, आणि पुढे खुर्चीवर आमचे अध्यक्षसाहेब. म्हातारे झालेत, पण नेमणुका अजून त्यांच्याच हातात आहेत. भरती पुन्हा उघडली आहे. आमच्या विभागात एक जागा निघालीय, मी अर्ज केलाय, आणि वयाच्या हिशेबानं ही माझी शेवटची संधी आहे. हे अमरावतीत सगळ्यांना माहीत आहे.

अध्यक्षसाहेब बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. सरांचा साधेपणा, सरांची शिस्त. आणि मग हात वर करून म्हणाले, "पण सरांचं खरं स्मारक म्हणजे त्यांचा शोध. दाटी वाढली की थेंब थांबतात, हे या वस्तीतल्या माणसानं जगाला सिद्ध करून दाखवलं. आपण हे पोरांना शिकवू. कॉलेजात पाटी लावू." लोकांनी माना डोलावल्या. वस्तीतली म्हातारी माणसं अभिमानानं एकमेकांकडे बघत होती. काकूंनी पदर डोळ्यांना लावला होता.

गप्प बसायला काय लागत होतं? प्रसंग शोकाचा, माणूस मोठा, गौरवच तर चालला होता सरांचा. त्या वस्तीला तो अभिमान हवाही होता. पण ज्या वाक्यावर सही नको म्हणून सरांनी माझी नोकरी घालवली, तेच वाक्य त्यांच्या फोटोखाली पाटीवर कोरणार? मी उठले. कुणी मला बोलायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, ते चूक होतं," मी म्हटलं. "थेंब थांबत नाहीत. सरकीचं तेल थंडीत गोठलं होतं, म्हणून आम्हाला तसं वाटलं. सरांनी ती चूक स्वतः शोधली आणि स्वतः मागे घेतली. त्यासाठी त्यांनी माझ्या प्रबंधावर सही केली नाही. माझी जागा गेली. मी त्यांना कधी माफ केलं नाही. पण पाटी लावायची असेल तर त्यांनी नंतर जे शोधलं ते लिहा. थेंब हलतात. फार हळू हलतात, पण हलतात."

मी बसायला गेले तर माझी जागा भरून गेली होती. पुढच्या ओळीतून काकूंनी हात केला, सरकून आपल्या शेजारी जागा केली आणि मी बसल्यावर माझा हात धरून ठेवला. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं. सभा संपेपर्यंत काकूंनी हात सोडला नाही. मला रडू येत होतं ते सरांसाठी की माझ्यासाठी, ते काही सांगता यायचं नाही.

बाहेर पायरीवर चपला शोधत होते, तर अध्यक्षसाहेब शेजारी येऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं त्यांचे बूट पुढे ठेवले.

"मॅडम," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुलाखतीला तुम्हीच येणार आहात ना?"

"हो साहेब," मी म्हटलं. "मीच येणार आहे."